डागी

तळपदे मॅडमना नमुना लागायचा तो अखंड.
ओठाची कड शाबूत, टोक न झिजलेलं,
बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ठेवता येईल असा.
मी वाळकेश्वरच्या खडकांवरून सुकतीला पिशवी भरून आणायचो,
त्या टेबलावर ओतून बोटाने बाजूला सारायच्या:
हा नको. हा नको. हा डागी.
डागी मी बिस्किटाच्या डब्यात टाकायचो.
तीस वर्षांत चार डबे झाले.

आता निवृत्तीनंतर भिंग घेऊन बसतो.
यातला प्रत्येक डाग जिवंतपणीचा आहे.
मारणारा येऊन गेला होता, आणि हा उरला होता.

हे बघा, इथे चिंबोरीने नांगी अडकवून
कड सोलत नेली, संत्र्याची साल काढावी तशी,
अर्ध्या वेढ्यापर्यंत. तिथे थांबली.
कंटाळली असेल.
हा आणखी एक वेढा आत, अंग चोरून.

पुस्तकात शब्द आहे प्रावार. म्हणजे पांघरूण.
अंगावरचंच मऊ पांघरूण फुटक्या कडेपर्यंत ओढत आणायचं
आणि तिथे पाझरायचं. आधी नुसता पापुद्रा,
कांद्याच्या आतल्या सालीसारखा,
मग त्यावर समुद्रातला चुना, कण कण.

हे मला नौशीन मुकादमने दाखवलं. एमएस्सीला होती.
तिने कानशीने बारा शंखांचे ओठ घासले
(खरं तर मी घासले; तिचा हात थरथरायचा)
आणि वहीत दिवस मोजले.
दुसरा: पापुद्रा.
सहावा: नखाने टकटक केलं तर वाजतो.
अकरावा: रंग नाही.
"रेघा विसरला, काका," ती म्हणाली.
पंधराव्या दिवशी रेघा पुन्हा सुरू झाल्या,
जरा वाकड्या, एक जास्तीची.

टाकीत चुकून शंखातला खेकडाही आला होता.
त्याच्याही घराचा ओठ तुटलेला. त्याने काहीच केलं नाही.
त्याला येत नाही. तो भाडेकरू;
दुसरी जागा रिकामी होईपर्यंत
नांगी दारात आडवी धरून बसला.
मी पागडीच्या खोलीत वाढलेला, मला तोच जास्त कळला.

गणपतीच्या सुट्टीत वीज गेली, पंप बंद पडला.
वॉचमनने बोलावलं तेव्हा बारातले चार हलत होते.
डब्यात ओलं फडकं घालून नेले
आणि बाणगंगेच्या खाली
जिथून उचलले त्याच कपारीत ठेवले.
एकाने लगेच पाय पसरला.
नौशीनने लिहिलं: आठ मृत, चार हरवले.

एका तिसरीवर भोक आहे, सुईने पाडल्यासारखं, अर्धवट.
आतून तिने त्या जागी एक थर जास्त दिलाय.
बाहेरून काही नाही.
बाहेरून तिला तिथे पोचताच येत नाही.

सून म्हणते, डबे टाकून द्या. मी म्हणतो, बघू.

काल पुन्हा सुकतीला गेलो.
गुडघ्यामुळे शेवटच्या खडकापर्यंत नाही.
एक दिसला: जुन्या ओठाची कड सरळ,
कानशीने घासावी तशी, आणि तिच्यापुढे
वाढलेला दीड वेढा.
इतकी वर्षं हे जगत नाहीत, मला माहीत आहे.
उचलला नाही.
चिकटून होता, घट्ट.