बाक

जानेवारीत आमच्या लष्करच्या घरात खोबरेल गोठतं.
बाटली उलटी धरली तरी थेंब नाही.
आई झाडूची काडी घालून खरवडते.
शेजारी तिळाच्या तेलाची बरणी.
तिला कुणी ऊन दाखवलेलं नसतं,
ती नुसती कलली की वाहते.

एवढंच, खरं तर, माझं तीन वर्षांचं काम.
पण विद्यापीठात असं सांगून चालत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत
माझे दोन चंबू आहेत.
दोन्हींत निळसर हिरवं पाणी.
पाणी नव्हे, जीव:
झाडं नव्हती तेव्हा उजेड खायला शिकलेले.
पहिल्यात ते जसे आहेत तसे.
दुसऱ्यात आम्ही दोन जनुकं बंद केली आहेत,
त्यामुळे पडद्यातल्या मेदाम्लांना
एकावर दुसरा बाक पडत नाही.
साखळ्या बहुतेक सरळ,
काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या
एकमेकींना चिकटून.

दिवा लावते.
मे महिन्यात दुपारी किल्ल्यावर असतो तसा उजेड,
आणि पाणी मात्र धुक्यातल्या सकाळइतकं गार.
एक तास.
मला वाटलं होतं, बाकदार वाचतील.
कुणालाही वाटेल.
लव्हाळे वाचती, हे शाळेपासून डोक्यात.

आकडे आले.
दोघांची पडझड सारखी.
भदौरिया सर म्हणाले, मशीन देख लो फिर से.
मी पाच वेळा पाहिलं.
उजेड दोघांनाही सारखाच मोडतो.

मग दिवा मंद केला,
औषध-बिषध काही घातलं नाही,
खिडकीत बसून डब्यातली मटारची उसळ खाल्ली.
परत मोजलं,
तर पहिला चंबू उठून बसला होता.
दुसरा तसाच.

त्याचं असं आहे:
उजेडात जळतं ते एक प्रथिन.
ते उपटून काढायचं, जागी नवं बसवायचं,
हे त्यांचं रोजचंच, सूर्य आहे तोवरचं.
नव्याला मागे एक शेपूट असते.
ती छाटली की मगच ते कामाला लागतं.
दुसऱ्या चंबूत नवं आलं होतं.
येऊन उभं होतं, शेपटासकट.
थिजलेल्या पडद्यात कात्री चालत नव्हती.

हे मी वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मिल बंद झाली तेव्हा मी जन्मले नव्हते.
एकाच खात्यातले दोघं, आबा आणि महाडिककाका,
एकाच दिवशी घरी आले.
काकांनी दोन वर्षांत गजकचं दुकान टाकलं,
तीळ कुटताना आजही शिट्टी वाजवतात.
आबा पासष्टचे झाले,
हजेरीचा बिल्ला अजून खिशात आहे.
लोक म्हणतात, तुझ्या आबांना जास्त लागलं.
मीही म्हणायचे.

उपमा इथेच थांबवते.
माणसाच्या आत किती बाक असतात
ते मी मोजलेलं नाही,
आणि आबा काही माझा चंबू नाहीत.

फक्त काल, सरांना न विचारता,
दुसरा चंबू कोमट पाण्यात ठेवला.
तेच जीव. तेच ताठ मेद.
सव्वा तासाने काटा हलला.
आधी वाटलं, टेबलाला धक्का लागला असेल.
मग परत हलला.

आज रविवार.
धुकं साडेदहाला उठलं.
आबांनी खुर्ची गच्चीवर नेली,
ऊन सरकतं तशी तेही ती सरकवतायत.
आई खालून हाक मारते,
वर जातेच आहेस तर
ही बाटलीही ने,
ठेव त्यांच्या पायाशी.