अठराशे तेरा टप्पे

रात्री दीडच्या सुमारास एक जातं.
भाच्यानं मोबाईलात टाकून दिलंय, मचाणावर बसल्या बसल्या दिसतं:
सिंगापूर ते लंडन,
दहा हजार आठशे ऐंशी किलोमीटर,
वेळ चौदा तासांच्या आसपास.

एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, हिंगणघाट डेपो.
किलोमीटर मला समजत नाही.
सहाचा एक टप्पा, एवढंच समजतं.
खाली हरभरा घाट्यावर आलेला, दव पडून राहिलेलं,
मी बोटांवर भागाकार केला:
अठराशे तेरा टप्पे, वर दोन किलोमीटर.
नियमानं त्या दोनचाही पुरा टप्पा लागतो.
मी लावला नाही. रात्रीची वेळ.

तिथला कंडक्टर सुट्ट्यासाठी कोणाशी भांडत असेल?
झोपलेल्याला उठवून विचारत असेल का,
बापू, तुमचं गाव गेलं ना मागं?

आमचं शिवार साडेतीन किलोमीटर.
हिशोबानं चौदा सेकंद.
काडी दमट असली तर चौदा सेकंदांत बिडीही पेटत नाही.

डुकरं त्याच्याकडं पाहत नाहीत.
डुकरं माझ्या तेलाच्या डब्याला भेतात.

अंतर आणि वेळ, ॲपवाल्यानं शेजारी शेजारी लिहिलंय,
जसं एकाचं दुसऱ्याशी काही ठरलेलंच आहे.
माझ्याकडंही एक नोंद आहे.
अठ्ठावन किलोमीटर. सव्वानऊ तास.
मुक्कामी गाडी होती, पार जंगलाकडच्या गावात.
सव्वाआठला पोलीस पाटलाच्या फोनवर निरोप आला,
वत्सलाचं पोट दुखून राहिलं, नेलं आहे, तुम्ही या.
त्या गावातून सकाळपर्यंत एकच गाडी निघणार होती
आणि ती माझीच होती.
पहाटे साडेचारला सोडली. लवकर सोडली, रिपोर्ट झाला.
तासभरानं पोचलो.
वाटेत दूधवाले चढले, दोन पोट्टे परीक्षेचे,
एक म्हातारी बोरांचं टोपलं घेऊन.
सगळ्यांची तिकिटं फाडली.
हात दाखवील त्याच्यासाठी थांबलो.
प्रत्येक थांब्यावर बेल मीच मारली.

तेव्हाही वरून एखादं गेलं असेल.
पाहिलं नव्हतं.

आज ते बरोबर डोक्यावर आलं तेव्हा
मी सहज हात दाखवला.
मग काठीनं डबा वाजवला, एकदाच:
एक बेल म्हणजे थांबा.
तुरीच्या धांड्यात काहीतरी खसफसलं, पळालं.
लाल दिवा, पांढरा दिवा, लाल.
थांबणार नव्हतंच, त्याला इथं थांबा मंजूर नाही.

थंडी वाढली होती. मफलर कानावर घेतला
आणि दोनदा वाजवला.
जाऊ दे.