घट

बी काढून घेतली की बोंडाला कोणी विचारत नाही.
उभादांड्याच्या डगरीवर पडून असतात ती
लाल, पिवळी, अर्धी फुटलेली.
आधी मुंग्या, मग चिलटं, मग वास.
कॉलेजात शिकवलं होतं: हे फळच नव्हे,
देठाचा फुगवटा.
बाजारानेही तेवढंच शिकून घेतलं.

रुजाय मावशी टोपल्या आणते.
डिकाने काळी पडलेली तिची बोटं
पावसाळ्यापर्यंत उजळत नाहीत.
"बी विकलंय, आता कचरो पण विकतंय,"
म्हणते, आणि तोंडावर हात धरून हसते.

आम्ही पिळतो. रस गढूळ, घसा धरणारा.
दोन थेंब काचेवर, नळी उजेडाकडे:
अकरा. कधी साडेबारा.
शंभरात एवढीच साखर,
पानांनी कोणाला न विचारता साठवलेलं ऊन.
मग यीस्ट. मग झाकण. मग तीन दिवस ड्रमाला कान.
बादलीतले खेकडे एकमेकांवर चढावेत
तसा आत चुरचुर आवाज.

पहिली खेप फसली. झाकण माझ्याकडून सैल राहिलं.
चाळीस लिटर आंबट व्हिनेगर.
मेघश्याम काही बोलला नाही,
फक्त महिनाभर डब्यातल्या काकडीवर तेच ओतत राहिला.

दुसरी उतरली.
काटा अठ्ठ्याहत्तरवर धरून ठेवायचा,
तापट माणसाला बोलण्यात गुंतवावं तसा.
थेंब, थेंब, मग दोऱ्याएवढी धार.
शेवटचं पाणी सुटता सुटत नाही;
ते गिळायला पांढरे मणी लागतात,
भिजवून वाळवलेल्या साबुदाण्यासारखे.

बाबा येऊन दारात उभे राहिले.
तीस वर्षं माडावर चढले, पोय चेचली, माडी उतरवली;
आता गुडघे नाहीत, नाक आहे.
"चढली हा," म्हणाले. "बरी चढली हा."
मी सांगितलं, हिच्यात आता कडू औषध घालायचं,
कोणी पिऊ नये म्हणून.
अकराला एक्साइजचे कारेकर येतील, सील घेऊन.
बाबांनी असं पाहिलं
जणू मी कोवळी पोय मधूनच छाटली.
"म्हंजे पिऊक नाय, देवाक नाय,
मगे केलंस कित्याक गो?"

याचं उत्तर माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात
चौदा पानांचं होतं.
साडेदहाला मी करवंटीत चार चमचे काढले.
बाबा ती शिवेवरच्या राखणदाराकडे घेऊन गेले.
मी लांबून पाहिलं: बोटांनी शिंपडलं,
गाऱ्हाणं घातलं,
आणि साथीला कोणी नव्हतं म्हणून
"व्हय महाराजा"ही स्वतःच म्हटलं.

कारेकरांनी मापलं, औषध घातलं, वही उघडली.
घट: वीस मिली. कारण: बाष्पीभवन.
पेन थांबलं. खिडकीतून शिवेकडे पाहिलं त्यांनी,
मग करवंटी घेऊन परतणाऱ्या बाबांकडे.
"उकाडो पण किती आसा," म्हणाले. सही केली.

दुपारी पेट्रोलात मिसळून
गवत कापायच्या मशीनला पाजली.
खोकलं. बंद पडलं. मेघश्यामने काहीतरी पिळलं, पुसलं.
मग बत्तीस मिनिटं सलग चाललं,
काजूखालचं रान आडवं करत,
धुराला पुसटसा गोड वास.
"चाखण्याशिवाय मारता रे ह्या,"
बाबा म्हणाले, आणि मशीनपासून दोन पावलं
मागे सरकले, आदराने.

बत्तीस मिनिटं. मी वहीत लिहीत होते,
तेवढ्यात रुजाय टोपली उतरवत ओरडली
की आजची बोंडं पिवळी आहेत, जास्त गोड,
आणि कालच्या दरात ती देणार नाही.