चौथी फळी

बाबी मेस्त्री गुडघ्यावर बसतो
आणि स्क्रू-ड्रायव्हरने एकेक फळी टोचत जातो.
पोटावर बोट दाबून डॉक्टर विचारतो ना,
इथे दुखतं? आणि इथे?
तसं.
पहिली गप्प. दुसरी, तिसरी गप्प.
चौथीत पातं मुठीपर्यंत जातं,
उकडलेल्या रताळ्यात जावं तसं.

मला हसू येतं.
चौथीचं आम्हाला वीस वर्षं माहीत आहे.
तिच्यावर पाय द्यायचा नाही, बस्स.
सून घरात आली तेव्हा तिला आधी हे सांगितलं,
देवघर नंतर दाखवलं.

मागच्या दाराबाहेर, मढच्या खाडीकडे तोंड करून
ही सतरा फळ्यांची माची.
माझ्या बाबांची बोट मोडीत निघाली, हिरावती,
तिच्या फळ्या ह्यांनी टेम्पोतून आणल्या,
म्हणून घरात सगळे हिला डेकच म्हणतात.
इथे कोलंबी सोलली, पाढे पाठ झाले,
दोन बाळंतिणींना कोवळं ऊन मिळालं
आणि ह्यांना, शेवटच्या मार्चात,
जेवढं हवं तेवढं.

ओजस कॅटलॉग घेऊन येतो.
लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, रंग सागवानी,
वाळवी नाही, पॉलिश नाही,
पंचवीस वर्षांची गॅरंटी.
मी मनात एकोणसत्तर अधिक पंचवीस करते.
"कार्ड तुझ्या नावावर भर," म्हणते.
तो हसत नाही.

बाबी प्लायच्या तुकड्यावर आकडे मांडतो.
डागडुजी बत्तीस हजार.
"पण वैनी, खालचे वासे कसे आसत ता देवाक ठावक.
एकाक हात लावलो की दुसरो बोलता."
सगळं नवं, एक लाख दहा.
मी म्हणते, उद्या सांगते.
असं मी तीन उद्या म्हणते.

रात्री ओहोटीला चिखल बुडबुडतो.
मी पाचवीवर बसते, हाताने चौथी चाचपते.
इमान राखायचं ते कोणाशी, हेच कळेना:
लाकडाशी, मोडलेल्या बोटीशी,
का त्या आरामखुर्चीशी,
जी आता माळ्यावर आहे, उलटी?

शेवटी म्हटलं, उचल तरी. बघू तरी.

खाली वेगळाच संसार.
तीन वासे जुने, दोन कुठल्या तरी दाराच्या चौकटीचे,
आणि एक चक्क पाण्याचा पाइप, निळा.
बाबी फळ्या पालथ्या करून भिंतीला टेकवतो
आणि मग मला हाक मारतो.
सातवीच्या पोटावर पेन्सिलीने,
खाली उतरत जाणाऱ्या ह्यांच्या अक्षरात:
*फणस. ९१. तिला सांगायचं नाही.*
नववीवर: *फणस.*
दहावी, अकरावी, बारावी: *हीसुद्धा.*
चौदापैकी चौदा.

म्हणजे तीस वर्षं मी
फणसावर बसून बाबांच्या बोटीत बसत होते.
आणि ते शेजारी चहा पीत,
समोर बघत,
एक शब्द नाही.

हिरावतीच्या उरल्या होत्या तीन.
त्यातली एक चौथी.
कुजली ती खरी होती.

मी ओट्यावर टेकले. बाबीने बिडी पेटवली नाही,
हातातच धरून ठेवली.
मग मी म्हटलं: चौथी काढ.
जे मिळेल ते लाकूड घाल, बाभूळ घाल,
वासे बदल, पाइप राहू दे.
आणि मागे तारीख लिही.
"काय लपवूचा हा?" त्याने विचारलं.
काही नाही, म्हटलं. नुसती तारीख.

सेहेचाळीस हजार झाले.
ओजस दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी स्वतः तेलाचा हात मारत बसला.

नवी फळी रंगाने उठून दिसते.
तरी आमचे पाय उचलतातच,
तिसरीवरून थेट पाचवीवर,
मांजरसुद्धा उडी मारतं.
काल मीटर बघायला आलेला पोरगा
सरळ चौथीवर जाऊन उभा राहिला.
आम्ही तिघंही एकदम ओरडलो.