एक लायसिन

परभणी, कृषी विद्यापीठ, रात्रीचे साडेदहा.
एसी बंद पडलाय, मायक्रोस्कोप इन्व्हर्टरवर.
गुरुवारच्या बाजारातला कांदा,
त्याच्या आतल्या पाकळीचा पापुद्रा
काचेवर अंथरलाय, सुरकुती पडू न देता.
हे मला गयासभाईंनी शिकवलं, लॅबचे शिपाई,
आम्हा पीएचडीवाल्यांपेक्षा हात हलका त्यांचा.

ज्वारीतलं एक प्रथिन आहे माझं.
माझं म्हणजे, चार वर्षं मी त्याच्या मागे आहे.
पाणी तुटलं की ते जागं होतं
आणि केंद्रकात जाऊन सांगतं, आता बेतानं.
त्याला हिरव्या उजेडाची शेपटी जोडलीय,
अंधारात कुठे जातं ते दिसावं म्हणून.

ते बनतं बाहेर, पेशीच्या रसात.
वाट कुणी सांगत नाही.
त्याच्या अंगातच कुठंतरी मध्ये एक तुकडा असतो:
लायसिन, लायसिन, लायसिन, अर्जिनिन, लायसिन.
इम्पोर्टिन नाव विचारत नाही, काम विचारत नाही,
एवढा तुकडा चाचपतो आणि म्हणतो, चल.
केंद्रकाच्या छिद्रात धाग्यांची दाटी;
बारके सटकतात, थोरांना सोबत लागते.
आत रॅन भेटतो, सोबत्याला मिठी मारतो,
आणि सोबत्याचा हात आपसूक सुटतो.
पोचलं.

आज मी त्यातलं एक लायसिन बदललं.
एकच. त्या जागी थ्रिओनिन.

डोळा लावला.
पेशी काठाकाठानं हिरवी, धाग्याधाग्यानं हिरवी,
आणि केंद्रक
काळं, गोल, विसळून पालथ्या घातलेल्या वाटीसारखं.
प्रथिन बाहेर धडधाकट. शेपटी पेटलेली.
काही बिघडलं नव्हतं त्याचं.
नुसतं पोचत नव्हतं.

पुण्यात दीड वर्ष होते मी.
पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये म्हणाले, "काही नाही, वाचायले."
टेबल हसलं. वाईट नव्हतं ते हसणं.
"मराठवाड्याची का गं?"
त्या रात्री मी थोडंसंच बदललं.
वाचतेय. करतेय. येतेय.
मग कुणी विचारलं नाही, कुठली.

दिवाळीत जिंतूरला गेले तर आत्या म्हणाली,
"पाव्हण्यावानी बोलायलीस."
आणि चहा तिनं बशीवाल्या कपात दिला,
आमच्याकडे जो बाहेरच्यांसाठी असतो.

मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्यांचं वेगळं.
त्यांची चिठ्ठी बहुतेक वेळा आत पोचल्यावर कापून टाकतात.
केंद्रकवाल्यांची कापत नाहीत.
कारण पेशी दोन होताना केंद्रकाची भिंतच विरते,
आतले सगळे रसात सांडतात,
आणि भिंत पुन्हा उभी राहिली
की ज्याला त्याला पुन्हा आत यायचं असतं.
म्हणून पत्ता अंगावरच ठेवलेला.
किती वेळा सांडायचं ते आधी माहीत नसतं.

कंट्रोलची काच सरकवली, न बदललेली.
एक हिरवा ठिपका. गच्च भरलेला.
बाकी पेशी अंधार.

दार किणकिणलं, किल्ल्यांचा जुडगा.
"मॅडम, काय करायलाव अजून?"
"बघायले," मी म्हणाले,
डोळा न काढता, आणि मग माझं मलाच ऐकू आलं.
गयासभाई उंबऱ्यापाशीच उभे होते,
लॅबमध्ये खाणंपिणं चालत नाही म्हणून.
हातात चहा. स्टीलच्या पेल्यात.