डावा हात

एकतीस वर्षं मी चुका पाहिल्या.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, सकाळच्या भोंग्यापासून,
शीटमागून शीट, डाव्या हाताने उलटायची,
उजव्या हातात लाल पेन्सिल.
तुटलेली रेघ, फिकी शाई, केसभर सरकलेला आकडा.
"गायखेबाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही,"
साहेब म्हणायचे, आणि मी
घरी निघताना ती नजर लॉकरमध्ये ठेवायला विसरायचे.

भाजीवालीच्या मापात, नणंदेच्या रांगोळीत,
आरतीतल्या चुकलेल्या शब्दात
ती माझ्याआधी जाऊन बसलेली असायची.
निनाद आठ वर्षांचा. घाटाचं चित्र घेऊन आला.
म्हटलं, छान. पण पाचव्या पायरीला सावली नाही.
नव्हतीच. मी चुकले नव्हते.
त्यानंतर त्याने मला चित्र दाखवलं नाही.

आता रिटायर. रविवारी सकाळी गोदाघाटावर
कैवल्य पाळदे नावाच्या पोराकडे
जलरंग शिकते.
म्हणजे बसते. समोर नारोशंकराचं देऊळ, हातात ब्रश,
कागद कोरा.
ब्रश टेकायच्या आत नजर पुढे धावते,
न काढलेल्या रेषेतला दोष दाखवते.
शेजारी आडगावचा रिक्षावाला,
कालपर्यंत भिंतीलासुद्धा रंग न दिलेला,
कळस काढतो भोपळ्यासारखा
आणि तीन कागद संपवून चौथा मागतो.
मी? चार रविवार.
शून्य कागद. शून्य चुका.

पाण्यात देऊळ उलटं पडलं होतं.
कुणीतरी द्रोणातला दिवा सोडला, ते मोडलं,
पुन्हा जुळलं, पण पहिल्यासारखं नाही.
सवयीने पुटपुटले, रद्द.
पुन्हा मोडलं. रद्द.
अख्खी गोदावरी रद्द करत बसले असते,
तेवढ्यात कैवल्य म्हणाला,
"काकू, डाव्या हाताने काढा ना."

डावा.
ज्याने आयुष्यभर फक्त पान उलटलं,
ज्याला कुणी कधी मत विचारलं नाही.
त्याने ब्रश धरला चमच्यासारखा.
कळस कलला. पायऱ्या घसरत गंगेत गेल्या.
आभाळ ओघळून देवळाच्या खांद्यावर आलं.
नजर यादी करत राहिली, एक, दोन, सतरा.
करू दे म्हटलं.
तिला अजून कळलेलं नाही पगार बंद झालाय.

संध्याकाळी फोटो पुण्याला पाठवला.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
मग निनादचं उत्तर:
"आई, घंटा कुठाय?"

पाहिलं. खरंच की.
पलीकडच्या तीरापर्यंत जिचं नाव वाजतं
ती एवढी मोठी घंटा, आणि मला दिसली नाही.
आधी हसू आलं. हसता हसता
घशात काहीतरी अडकलं:
इतकी तंतोतंत नजर
मी त्याला कधी देऊन बसले?