बेवारस वस्तूंच्या नोंदवहीत

ओस्त्रावाच्या ट्रॅम-डेपोत, तळमजल्यावर,
एकोणीस वर्षं मी लोकांनी विसरलेल्या वस्तू लिहून घेते.
छत्री, काळी, मूठ लाकडी, आठ नंबरची ट्रॅम.
हातमोजा, डावा. कवळी, वरची.
एकदा जिवंत कासव.
मालक म्हणून कुणी आलं की विचारायचं:
बाहेरून न दिसणारी एखादी खूण सांगा.
खूण पटली, तर सही करा आणि न्या.

म्हणून रविवारच्या बाजारात
पिशवीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढून त्याने मासे पुढे केले
तेव्हा मला नाही म्हणवेना.
पाच होते. बोटाच्या दोन पेरांएवढे.
बुटके सिक्लिड, म्हणाला, अ‍ॅपिस्टोग्रामा.
पुढचं नाव तुम्हीच शोधा, बाई,
त्याचे वीस कोरुना कमी केलेत.

बाहेर उणे अकरा.
पाचव्या मजल्यावर ऐंशी लिटर पाणी, सव्वीस अंश,
बागेतून वेचलेली बीचची पानं मुरून कोऱ्या चहाच्या रंगाचं.

नर, एक. शेपटीला दोन टोकं.
पाठीच्या पंखाचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उंच.
डोळ्यातून गालावर तिरकी रेघ, काजळ ओघळल्यासारखी.
अंगावर आडवा पट्टा:
शेपटीच्या अलीकडे थांबतो.
नाही, जातो पुढे.
रागावला की पट्टा पुसून सात उभ्या रेघा,
घाबरला की कुशीवर फक्त एक डाग.
खोडून खोडून पान फाटलं.
छत्री बरी. छत्री रुसत नाही.
माद्या, चार. भुरकट. एकीसारखी दुसरी.

ओटाकार आले, खाणीतले जुने मोजणीदार,
घरातही लोकरी टोपी, खिशात भिंग.
सापडले कुठे?
बाजारात.
त्याआधी?
कुणाच्या तरी तळघरात असतील.
त्याआधी?
मी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडत होता.
ओढा सांगा, बाई, ओढा.
एका ओढ्यात पट्टा असा, टेकडीपल्याडच्या ओढ्यात तसा.
गावच नाही, तर नाव कुठून आणू?
मग त्यांनी काटे मोजले. पंधरा.
मासा वळला. सोळा.
मनुका घातलेला केक खाऊन ते सात वाजता गेले.

फेब्रुवारीत एक मादी करवंटीत शिरली
आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आली ती हळद माखून,
पोटावर मधोमध काळी रेघ, डोळ्यांत भांडण.
मी फोन लावला.
नर नुसता मिरवतो, ओटाकार म्हणाले, खरं ते मादी सांगते.
पुढच्या पंखाची कड काळी आहे?
आहे.
पलीकडे बराच वेळ फक्त श्वास.
मग त्यांनी एक लॅटिन नाव अक्षर-अक्षर करून सांगितलं.
मी ते शाईने लिहिलं.

मार्चमध्ये तो तुरेवाला नर उडी मारून
हीटरच्या मागे वाळलेला सापडला.
आणि चारच दिवसांत माझ्या दोन नंबरच्या मादीला,
त्या गरीब, मळकट, सदा करवंटीच्या दाराशी घुटमळणारीला,
तुरा फुटला.
शेपटीला टोकं. गालावर निळं.
सबंध हिवाळा बाईच्या वेषात काढला त्याने,
त्या थोरल्याच्या नाकासमोर, त्याच्याच दारात.
पिल्लं कुणाची, हे आता कोण लिहिणार?
बाहेरून न दिसणारी खूण त्याच्याकडे होती,
मीच विचारली नाही.
मी, जी कवळीच्या मालकालाही विचारते.

पट्टा मात्र ह्याचा शेपटीपर्यंत सरळ गेला.
ओटाकार दोन दिवस बोलले नाहीत.
मग म्हणाले, खोडा.
मी खोडलं, पण एकाच रेघेने,
खालचं वाचता यावं असं. डेपोचा नियम आहे तसा.

आता रोज सकाळी सहाला दिवा लावते.
पहिली पाच मिनिटं कुणाच्याच अंगावर काही नसतं:
रेघ नाही, डाग नाही, हळद नाही,
वाळूच्या रंगाचे चार मासे, श्वास तेवढा चालू.
वही मिटलेलीच ठेवते.
कॉफी गार होते.
मग कुठेतरी एका गालावर
ती तिरकी रेघ हळूहळू उमटायला लागते.